उडदाच्या बियाण्यावरचा ‘टी’ आणि पोखरणचा स्फोट, दोन्ही ट्रॉम्बेचे. ते ट्रॉम्बे उभं करणारे डॉ. होमी भाभा

खरीप जवळ आला की कृषी सेवा केंद्रात शेतकरी उडदाला ‘टीएयू-१’ आणि भुईमुगाला ‘टॅग-२४’ मागतात. नावं तोंडपाठ आहेत, पण त्या अक्षरांचा अर्थ फार जणांना माहीत नसतो. त्यातला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे आणि ‘ए’ म्हणजे अकोला. मुंबईत खाडीच्या काठावर, ट्रॉम्बेच्या डोंगराला लागून अणुसंशोधन केंद्र आहे. ते केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून हे वाण दिले.

याच ट्रॉम्बेच्या आवारात वेगळं काढलेलं प्लुटोनियम वापरून १८ मे १९७४ रोजी राजस्थानात पोखरणच्या वाळवंटात देशाचा पहिला अणुस्फोट झाला.

बियाणंही तिथलंच आणि बॉम्बचा मालही तिथलाच. हे आवार ज्यांनी उभं केलं ते डॉ. होमी जहांगीर भाभा यातलं काहीच बघायला राहिले नाहीत. आज केंद्राला त्यांचंच नाव आहे. त्यांच्याबद्दल मोबाईलवर बरंच काही फिरत असतं. त्यात त्यांच्या विमान अपघाताचीच चर्चा जास्त असते. त्यांनी नेमकं काय उभं केलं आणि त्याची किंमत काय पडली, हे मात्र मागे राहतं.

वडिलांची अट

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी घरात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरी लहानपणापासून येणं-जाणं होतं. घरात पुस्तकं होती, पाश्चात्य संगीताच्या तबकड्या होत्या आणि चित्रकलेचा नादही त्यांना तिथेच लागला.

मुंबईत कॅथेड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं शिक्षण झाल्यावर १९२७ साली त्यांना इंग्लंडला केंब्रिजला पाठवलं. वडिलांचा बेत सरळ होता. मुलाने मेकॅनिकल इंजिनिअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं.

पोराचं मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतलं. कारखान्यातली नोकरी आपल्या स्वभावाला मानवणार नाही, असं त्यांनी वडिलांना पत्रातून कळवलं. वडिलांनी अट घातली. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताचा खर्च देतो. होमींनी १९३० साली पहिला वर्ग मिळवला. वडिलांनीही शब्द पाळला.

पुढे मोठे नाव झालेले पॉल डिरॅक हे तिथे त्यांना शिकवायला होते. अवकाशातून पृथ्वीवर सतत येणाऱ्या कणांना विश्वकिरण म्हणतात. त्यांचा हवेशी संबंध आला की एका कणातून अनेक कणांचा पाऊस कसा पडतो, याचं गणित भाभांनी हाइटलर या शास्त्रज्ञासोबत १९३७ साली मांडलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीच्या एका प्रकाराला आज जगभरात ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात.

डोकं भौतिकशास्त्राचं आणि शिक्षण इंजिनिअरचं, असं हे दुहेरी भांडवल होतं. ट्रॉम्बेला दोन्ही कामाला आलं.

सुट्टीला आले आणि इथलेच झाले

१९३९ साली भाभा सुट्टीला घरी आले. तेवढ्यात युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं आणि परत जाणं राहून गेलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांना काम मिळालं. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं.

युद्ध संपल्यावर परदेशात चांगली जागा मिळणं त्यांना अवघड नव्हतं. पण १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. भौतिकशास्त्राची अव्वल दर्जाची संस्था देशातच काढावी, म्हणजे पुढे अणुशक्तीचं काम निघेल तेव्हा माणसं बाहेर शोधायला जावं लागणार नाही, असं त्यात मांडलं होतं.

त्या तारखेकडे नीट बघावं लागतं. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता आणि भारत स्वतंत्र व्हायला तीन वर्षं होती. ट्रस्टने होकार दिला आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. काही महिन्यांतच ती मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. पुढे कुलाब्याला स्वतःच्या इमारतीत गेली.

विहिरीसारख्या टाकीतली भट्टी

स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी भाभांवर पूर्ण भरवसा टाकला. १९४८ साली अणुऊर्जा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग नेमण्यात आला. अध्यक्ष अर्थात भाभा. १९५४ साली अणुऊर्जेचं वेगळं खातं निघालं. ते थेट पंतप्रधानांकडे होतं आणि त्याचे सचिवही भाभाच. मधे ना दुसरा मंत्री, ना दुसरा अधिकारी. फाईल भाभांकडून निघायची ती नेहरूंकडेच जायची. कायद्यातच गुप्ततेची तरतूद होती, त्यामुळे संसदेतही फारशी विचारपूस व्हायची नाही. काम झपाट्याने झालं त्याचं हे एक कारण. हिशेब लोकांपुढे आला नाही, त्याचंही कारण हेच.

१९५४ सालीच ट्रॉम्बेला अणुऊर्जा संस्थेची स्थापना झाली. सगळं शून्यातून उभं करायचं होतं. इथे भाभांचा एक हट्ट होता. आपल्याला जे बनवता येईल ते विकत घ्यायचं नाही. उशीर झाला, पहिल्यांदा बिघडलं तरी चालेल, पण पोरांचा हात त्यावर बसला पाहिजे.

पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’. इंधन इंग्लंडकडून आणलं. बाकी बांधकाम, यंत्रं आणि कंट्रोलची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इथल्या इंजिनिअरांनी केली. विहिरीसारख्या खोल टाकीत पाणी आणि त्या पाण्यात टांगलेलं इंधन, अशी तिची रचना. ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी ती सुरू झाली. सोव्हिएत रशिया सोडला तर आशियातली ही पहिली अणुभट्टी. भट्टी चालू असताना पाण्यात निळा उजेड दिसतो. त्यावरून नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिलं.

१९५७ साली ट्रॉम्बेत प्रशिक्षण शाळा सुरू झाली. देशभरातून इंजिनिअर आणि विज्ञान पदवीधर निवडायचे, वर्षभर शिकवायचे आणि कामाला लावायचे. भट्टीपेक्षाही ही शाळा महत्त्वाची ठरली, कारण पुढची सगळी माणसं याच वाटेने घडली.

आवाराकडेही भाभांचं बारीक लक्ष असायचं. बाग कशी असावी, भिंतीवर चित्र कोणतं लावावं, हे ते स्वतः बघायचे. इमारतीच्या आड झाड आलं तर ते तोडू द्यायचे नाहीत, मुळासकट काढून दुसरीकडे लावायला सांगायचे. त्यांनी लग्न केलं नाही. काम, चित्रं आणि संगीत हाच त्यांचा संसार होता.

सायरस आणि फिनिक्स

अप्सरा लहान होती, अभ्यासाची होती. खरी ताकद आली ती ‘सायरस’ने. कॅनडाने कोलंबो योजनेतून ४० मेगावॅटची ही भट्टी भारताला दिली. तिच्यासाठी लागणारं जड पाणी अमेरिकेने पुरवलं. १० जुलै १९६० रोजी ती सुरू झाली. भट्टी शांततेच्या कामासाठीच वापरायची, असं करारात लिहिलेलं होतं. पण ती तशी वापरली जाते की नाही, हे तपासायला बाहेरचा माणूस येण्याची अट नव्हती.

सायरसमध्ये नैसर्गिक युरेनियमच्या सळ्या वापरायच्या. या सळ्या ट्रॉम्बेतच बनवायला भाभांनी सुरुवात केली. भट्टीत राहून युरेनियमचा थोडा भाग प्लुटोनियम या नव्या धातूत बदलतो. हे प्लुटोनियम पुढच्या अणुभट्टीला इंधन म्हणून चालतं आणि बॉम्बलाही तेच चालतं. शेताला पाणी देणारी मोटर आणि घर बुडवणारी मोटर वेगळी नसते, तसंच हे.

फक्त ते सळीतून काढणं सोपं नसतं. वापरलेली सळी इतकी किरणोत्सारी असते की तिच्याजवळ माणूस उभा राहू शकत नाही. जाड काँक्रीटच्या भिंतीआड, लांबून चालणाऱ्या यंत्रांनी ती ॲसिडमध्ये विरघळवायची आणि मग रसायनांनी प्लुटोनियम वेगळं करायचं. हे काम करणारा कारखाना तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या देशांकडे होता. भाभांनी तो ट्रॉम्बेत उभा करायचं ठरवलं. नाव ठेवलं ‘फिनिक्स’ आणि जबाबदारी दिली होमी सेठना या इंजिनिअरकडे. १९६४ साली तो तयार झाला. २२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

भाभा जाहीरपणे या सगळ्याला विजेचा कार्यक्रम म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. देशात युरेनियम कमी आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर. त्या थोरियमपर्यंत पोचायची वाट प्लुटोनियमवरून जाते, अशी त्यांची तीन टप्प्यांची योजना होती. पण दुसरा दरवाजाही त्यांनी उघडा ठेवला होता. आंतरराष्ट्रीय बैठकांमध्ये परदेशी तपासणीच्या कडक अटींना ते कायम विरोध करायचे.

साडेसतरा लाखांचा बॉम्ब

१९६४ साल देशाला जड गेलं. मे महिन्यात नेहरू गेले. धान्याची टंचाई होती आणि अमेरिकेतून गव्हाची जहाजं येत होती. दोन वर्षांपूर्वीचा चीनकडून झालेला पराभव लोक विसरले नव्हते. अशातच १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला.

आठ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, भाभा आकाशवाणीवर बोलले. जगाने शस्त्रं कमी करावीत, हे त्यांनी सांगितलंच. पण सोबत एक आकडाही सांगितला. दहा किलोटनच्या एका अणुबॉम्बला साधारण साडेसतरा लाख रुपये खर्च येईल आणि पन्नास बॉम्बचा साठा दहा कोटींच्या आत होईल, असा तो हिशेब होता. अमेरिकेने शांततामय अणुस्फोटांचे जे दर त्या वर्षी जाहीर केले होते, त्यावरून तो काढलेला होता.

आकडा देशभर गाजला. बॉम्ब इतका स्वस्त असेल तर बनवत का नाही, असं लोक आणि पुढारी विचारू लागले. पण त्या हिशेबात अणुभट्टी धरलेली नव्हती, प्लुटोनियमचा कारखाना नव्हता, माणसं घडवायचा खर्च नव्हता आणि बॉम्ब वाहून नेणारी विमानंही नव्हती. उसाचा एकरी खर्च सांगताना विहीर, पाईपलाईन आणि जमीन बाजूला ठेवावी, तसा हा हिशेब होता. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाला हे कळत नसेल असं म्हणता येत नाही.

शास्त्रीजी गांधीवादी होते. बॉम्बच्या ते विरोधात होते. पक्षातून आणि संसदेतून दबाव वाढला तेव्हा त्यांनी मधली वाट काढली. जमिनीखालच्या ‘शांततामय’ स्फोटाचा कागदावर अभ्यास करायला त्यांनी भाभांना परवानगी दिली. ट्रॉम्बेत डॉ. राजा रामण्णा आणि थोड्या शास्त्रज्ञांनी तो अभ्यास सुरू केला. सरकारने ठरवलं तर अठरा महिन्यांत स्फोट करून दाखवू, असं भाभा सांगत होते. प्रत्यक्षात त्याला जवळपास दहा वर्षं लागली.

माँ ब्लाँचा अपघात

११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला शास्त्रीजींचं निधन झालं. २४ जानेवारीला दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी होता. त्याच दिवशी सकाळी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोईंग विमान युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले भाभा त्यात होते. वय फक्त ५६.

हा घातपात होता, असे व्हिडीओ आजही फिरतात. चौकशीत निघालेलं कारण वेगळं होतं. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं. आपण डोंगर ओलांडला असा वैमानिकाचा समज झाला होता. जिनिव्हाच्या नियंत्रकाने त्याला डोंगर अजून पुढे असल्याचं सांगायचा प्रयत्न केला, पण त्या सांगण्याचा अर्थ नीट पोचला नाही. विमान खाली येत राहिलं. घातपाताचा पुरावा आजवर कुणी पुढे आणलेला नाही. त्या पर्वतावरचा बर्फ वितळतो तसं विमानातलं सामान अजून अधूनमधून सापडतं. २०२० साली तिथे इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातमीची जानेवारी १९६६ची भारतीय वर्तमानपत्रं मिळाली होती.

जानेवारी १९६७मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेला ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ असं नाव देण्यात आलं.

मागे राहिलेलं आवार

भाभांच्या जागी डॉ. विक्रम साराभाई आले. त्यांनी स्फोटाचा अभ्यास थांबवला. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईही अचानक गेले. आयोग सेठनांकडे आणि ट्रॉम्बे रामण्णांकडे आलं. १९७२ साली ट्रॉम्बेत प्लुटोनियमवर चालणारी ‘पूर्णिमा’ ही छोटी भट्टी सुरू झाली. प्लुटोनियम नेमकं कसं वागतं याचा अभ्यास तिच्यावर करता आला. स्फोटकांचं काम पुणे आणि चंदीगड इथल्या संरक्षण प्रयोगशाळांनी केलं. १९७४च्या मे महिन्यात पोखरणला १०७ मीटर खोल खड्ड्यात स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम सायरसच्या सळ्यांमधून फिनिक्स कारखान्यात काढलेलं होतं.

देशभर आनंद झाला. मग बिल यायला लागलं. कॅनडाने अणुक्षेत्रातली मदत तोडली. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने चाललेली दुसरी भट्टी अर्ध्यात राहिली, ती इथल्या इंजिनिअरांनी पूर्ण केली. अणुसामान विकणाऱ्या देशांनी गट केला आणि भारताला माल देणं बंद केलं. भाभांच्या काळात करार होऊन तारापूरला जे वीज केंद्र उभं राहिलं, त्याला लागणारं अमेरिकेचं इंधन अडकलं आणि १९८२ साली ते फ्रान्सकडून घ्यावं लागलं. साडेसतरा लाखांच्या आकड्यात यातलं काहीच धरलेलं नव्हतं.

दुसरीकडे, ट्रॉम्बेच्या बियाणं विभागात शांतपणे काम चालू होतं. बियाण्यावर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडले की त्याच्या गुणात बदल होतात. हजारो रोपांतून कामाचं एखादं निवडायचं आणि पिढ्यानपिढ्या लावून बघायचं. अशा बियाण्यात किरणोत्सार राहत नाही, त्यामुळे खायला भीती नाही. ट्रॉम्बेचा पहिला भुईमूग, ‘टीजी-१’, १९७३ साली आला, म्हणजे पोखरणच्या एक वर्ष आधी. १९८५ साली ‘टीएयू-१’ उडीद आला आणि १९९१ साली ‘टॅग-२४’. कॅन्सरच्या उपचारांना लागणारे किरणोत्सारी पदार्थ ट्रॉम्बेत तयार झाले. लासलगावला कांदा-आंब्यावर विकिरण प्रक्रिया करणारं केंद्रही याच कामातून उभं राहिलं.

भाभांचा मलबार हिलवरचा ‘मेहरानगीर’ बंगला २०१४ साली लिलावात ३७२ कोटींना विकला गेला. तिथे स्मारक व्हावं अशी अणुकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि पुढे बंगला पाडण्यात आला.

ट्रॉम्बेचं आवार मात्र उभं आहे. भाभांनी तिथे आधी माणसं आणि वर्कशॉप तयार केलं. त्यातून काय काढायचं हे नंतर आलेल्यांनी ठरवलं. कुणी बॉम्ब काढला, कुणी औषध काढलं, कुणी उडीद काढला. कशावर किती खर्च झाला, हे विचारायची सोय मात्र भाभांच्या काळात नव्हती आणि बॉम्बच्या बाबतीत ती आजही नाही. उडदाचं तसं नाही. पिशवीवर भाव छापलेला असतो आणि पीक कसं येतं ते हंगामात दिसतं.